भूतबंगल्याची अंत्ययात्रा

९ ऑक्टोबर

आज डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. गिऱ्हाईक चष्मा घालून दोन पावलं चाललं आणि टेबलाला धरून म्हणालं, "अहो, जमीन वर येतेय!" दुकानात लागल्यापासून माझ्या हातून असं झालं नव्हतं. मालक रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "ताई, आज तुम्ही लवकर घरी जा." रागावले असते तर बरं झालं असतं. लवकर घरी जाऊन करू काय!

धाकटा भाऊ जाऊन दीड महिना झाला. हे सांगायला कुणी उरलेलं नाही, सगळ्यांना माहीत आहे. म्हणून इथे लिहिलं.

११ ऑक्टोबर

मावशीचा फोन. आधी रडली, मग मुद्द्यावर आली. "बारा महिने तेरा त्रिकाळ काळे कपडे! ओठांना काळं, डोळ्यांना काळं. काळाला आवतण दिल्यासारखंच ते." मी म्हटलं, मावशी, त्याला ट्रकने उडवलं, कपड्यांनी नाही. "तुझं डोकं सध्या ठिकाणावर नाही," म्हणाली. "वेळेवर जेवतेस ना?"

नातेवाइकांत सगळीकडे हाच सूर. भुतावळीच्या नादी लागला, वगैरे. तो चांगला होता, एवढं एक वाक्य अजून कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. आई गेली तेव्हा त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. मी शिकवली. तो कसा होता ते मला माहीत आहे. पण एकट्या माझ्या माहितीला काय किंमत? बहीण तर म्हणणारच.

१२ ऑक्टोबर

त्याची खोली उघडली. बंद केली.

१७ ऑक्टोबर

अंत्यविधीला कोण कोण होतं ते आठवत बसले. मी, मावशी, मावशीचे यजमान, मालक, खालच्या मजल्यावरच्या काकू आणि धाकट्याच्या गोदामातला मुकादम — तो अख्खा वेळ घड्याळ बघत होता. संपलं! मित्र एकही नाही. येणार कसे, त्यांना कुणी कळवलंच नाही. आणि कळवायचं कुणाला? त्याचा फोन ट्रकखाली गेला. घरी त्याने कधी कुणाला आणलं नाही. "ताई, तू घाबरशील त्यांना. नाहीतर ते तुला!" त्यांच्यात खरी नावं चालत नाहीत म्हणे. प्रत्येकाला काहीतरी ठेवलेलं असतं. तुला काय ठेवलंय, असं विचारलं होतं मी. "सांगणार नाही, तू हसशील."

एवढंच माहीत आहे — वर्षातून एकदा सगळे गॉथ, म्हणजे त्याच्यासारखी काळ्या पेहरावाची हौस असलेली मंडळी, त्या मोठ्या पार्कात जमतात. तिथे आकाशपाळणा, रोलर कोस्टर, लहान मुलांची आगगाडी, आणि त्यात हे काळे कपडेवाले! पार्कवाल्यांनी त्यांना बोलावलेलं नसतं. परवानगी नाही, फलक नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. नोव्हेंबरातला दुसरा रविवार, एवढंच ठरलेलं. दोघा-दोघांनी आत शिरायचं, म्हणजे घोळका दिसत नाही. "आणि आत जाऊन करता काय?" मी विचारलं होतं. "मजा करतो. भुतांनाही सुट्टी लागते, ताई."

त्यांना सांगायला हवं. माझ्याशिवाय कोण सांगणार? ते अजून समजत असतील, तो आहे.

२७ ऑक्टोबर

काउंटरवरची पोरगी म्हणाली, "ताई, नऊ तारखेला रविवारी आमच्याकडे जेवायला या ना." चांगली आहे पोरगी. मी म्हटलं, त्या दिवशी मला पार्कात जायचंय. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे… पाळण्यात बसायला?" हो, म्हटलं. काय समजावत बसू! तिने मालकांच्या कानावर घातलं असणार. दुपारी ते माझ्या काचा घासायच्या यंत्रापाशी येऊन उभे राहिले, घसा साफ केला, म्हणाले, "बदल चांगला असतो," आणि गेले.

८ नोव्हेंबर

उद्या काय बोलायचं ते ठरवलं. मी त्याची मोठी बहीण. तो गेला. तुम्हाला कळवता आलं नाही. — पुरे. याहून जास्त बोलले तर रडू येईल, आणि चारचौघांत रडलेलं मला आवडत नाही. अंत्यविधीलाही रडले नाही. मावशी सगळ्यांना सांगत होती, "धक्का बसलाय तिला."

फोटो एकच धड आहे, गोदामाच्या ओळखपत्रासाठी काढलेला. पांढरा शर्ट, चापून पाडलेला भांग. तोच पिशवीत ठेवला. त्याचा कोट असता तर कोटच नेला असता. पण तो दवाखान्यात कापावा लागला.

९ नोव्हेंबर, रविवार

आत्ताच घरी आले. सगळं क्रमाने लिहून काढते, नाहीतर डोकं शांत व्हायचं नाही.

तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे दोन मुली. एकीच्या पाठीला वटवाघळाचे पंख, आणि पंखाचं टोक सारखं माझ्या तोंडावर. "सॉरी हं काकू!" आत शिरले तेव्हा लक्षात आलं की मी पिवळा स्वेटर घालून आलेय. सगळीकडे काळंच काळं, आणि मध्ये मी, लिंबासारखी!

वाटलं होतं, भीती वाटेल. भीती कसली! लहान मुलांच्या आगगाडीत उंच उंच काळे पुरुष, गुडघे हनुवटीला लावून बसलेले, आणि गाडी वळली की जोरात ओरडत होते. एकाच्या हातात कापसासारखी गुलाबी साखर, आणि ओठांचा काळा रंग साखरेला लागलेला. कारंज्यापाशी कुणी कुणाला सावलीत बसवत होतं, पाण्याची बाटली पुढे करत होतं. बूट चावला म्हणून एक जण रडकुंडीला आला होता, तर चौघांनी पिशव्यांतून पट्ट्या काढल्या.

एक उंच टोपीवाला होता, पन्नाशीचा. सगळे त्यालाच काय काय विचारत होते. त्याला गाठलं. म्हटलं, माझा भाऊ तुमच्यात यायचा. लांब काळा कोट —

"काकू, जरा मागे बघा."

बघितलं. जिकडेतिकडे लांब काळे कोट! तो हसला, पण वाईट नाही हसला. मी फोटो दिला. त्याने लांब धरला, मग आणखी लांब धरला. (त्याला वाचायचा चष्मा लागलाय, मानत नसणार.) "हा? हा आमच्यातला नाही हो. हा विमा विकणारा वाटतो." शेजारच्यांनी माना वाकवून बघितलं. कुणी ओळखेना. ओळखणार कसे! पांढराफटक चेहरा आणि काळे ओठ, एवढाच तो त्यांना ठाऊक. "हरवलाय का?" त्याने विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात लांबून कुणीतरी हाक मारली, आणि टोपी धरून तो पळाला.

मी बायकांच्या स्वच्छतागृहात गेले, तोंड धुवावं म्हणून. तिथे आरशापुढे एक मुलगी उभी, एका डोळ्यातून काळं पाणी वाहतंय, आणि मैत्रीण तिच्या डोळ्यात फुंकर मारतेय. "फुंकर मारू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की माझी मलाच लाज वाटली. तिच्या डोळ्यात पांढरी लेन्स, सोंगाची, कोरडी होऊन चिकटलेली. हात धुतले, तिला वर बघायला लावलं, तिच्याच पिशवीतल्या लेन्सच्या पाण्याचे थेंब सोडले, थांबले, आणि सरकल्यावर काढली. उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव, म्हटलं. आमच्या दुकानाच्या वरच बसतात ते, म्हणून दुकानाचं कार्ड दिलं.

"मला काजळी म्हणतात," ती म्हणाली. एक डोळा लाल, दुसरा पांढरा. "तुम्हाला?"

ताई, म्हटलं.

"ताई, चला ना अंत्ययात्रेला!"

वाटलं, यांना कळलंय. कुणीतरी यांना सांगितलंय, आणि हे सगळे त्याच्यासाठी जमलेत. मला उगाच धीर आला. "कुणाची?" मी विचारलं.

"कुणाची काय, भूतबंगल्याची!"

पार्कातला भूतबंगला यंदा कायमचा बंद केला. पाडून तिथे पाण्याची घसरगुंडी करणार आहेत. हे लोक दर वर्षी काहीतरी पुरतात म्हणे. मागच्या वर्षी टपरीवरचं काळं आइस्क्रीम बंद झालं, त्याला पुरलं. यंदा शवपेटी म्हणून फ्रिजचा खोका काळा रंगवलेला, चौघांच्या खांद्यावर. मागून सगळे छाती बडवत. "अरे माझ्या भुता, कुणाच्या भरवशावर टाकून गेलास रे!" "आता आम्हाला घाबरवणार कोण!" रडता रडता एकमेकांना कोपर मारून हसत होते. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर मलाही एकदा हसू फुटलं.

बंगल्याच्या दाराला कुलूप. पायरीवर एकेकाने चढायचं आणि शोक करायचा. जो उत्तम रडेल तो त्या वर्षीचा 'सर्वोत्कृष्ट शोकाकुल'. एक दाढीवाला पायरीवर गडाबडा लोळला. एकीला भोवळ आली, पण आधी झगा नीट आवरून घेतला. मग काजळीने मला पुढे ढकललं. "ताई, तुम्ही पण! यांनी माझा डोळा वाचवला हो!" टोपीवाल्याने हात दिला.

मी चढले. मनात म्हटलं, सगळे इथे आहेत, सगळे गप्प आहेत, माझ्याकडेच बघतायत. याहून चांगली वेळ येणार नाही.

म्हटलं, "मी मोठी बहीण. माझा भाऊ गेला. तुम्हाला कळवता आलं नाही."

थांबायचं होतं तिथेच. थांबता येईना. "माझ्याशिवाय कुणी नव्हतं हो त्याच्याजवळ," असं काहीतरी म्हणाले, आणि रडू आलं. कधी नव्हे ते. ओकारी यावी तसं. पायरीवर बसलेच. नाक गळत होतं, पदर नाही, रुमाल नाही, बाहीलाच पुसलं.

आणि टाळ्या!

कडकडाट. कुणीतरी शिट्टी मारली. मी म्हटलं, "खरं आहे हो हे." तर आणखी जोरात. "खरं आहे म्हणे! कमाल!" टोपीवाल्याचे डोळे ओले झाले होते. मला उठवत म्हणाला, "इतक्या वर्षांत असं कुणी केलं नाही. आणि पिवळा स्वेटर — काय डोकं चालवलंत!" काळ्या कागदी फुलांचा मुकुट होता, तो माझ्या डोक्यावर ठेवला. मी त्याची बाही धरली. ऐका, म्हटलं, ऐका ना —

तेवढ्यात पार्कचे रखवालदार आले. "कुणाची परवानगी? पांगा, पांगा!" जमाव क्षणात फुटला, दोघं-दोघं होऊन. खोका तिथेच आडवा पडला. एका रखवालदाराने मला हलकेच कोपराला धरलं. "काकू, तुम्ही या लोकांत कुठे सापडलात? चला, गेटपर्यंत सोडतो."

बसमध्ये एक लहान मुलगी टक लावून बघत होती. घरी आल्यावर कळलं, मुकुट डोक्यावरच होता.

१० नोव्हेंबर

"कसे होते पाळणे?" काउंटरवरचीने विचारलं. छान, म्हटलं.

१२ नोव्हेंबर

कानांतून त्या टाळ्या जात नाहीत. यंत्र चालू असलं तरी ऐकू येतात.

राग धरावा, तर कुणाचा? त्यांनी फसवलं नाही मला. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं, आणि तरी सांगितलं गेलं नाही! असं कुणाचं झालं असेल का? आता पुढचा नोव्हेंबर. तोवर त्यांच्या लेखी तो कुठेतरी मजेत आहे, यंदा आला नाही इतकंच. कुणी दोनदा आठवण काढेल, मग काढणार नाही. जिवंत माणसाला विसरतात तसं विसरतील त्याला.

१५ नोव्हेंबर

मावशीचा फोन. "पार्कात गेली होतीस म्हणे! चांगलं केलंस. मन रमव." आणि मग, "त्याचे ते काळे कपडे अजून घरात ठेवलेस का? देऊन टाक बाई. नको ते घरात." मी म्हटलं, दाराशी कुणीतरी आलंय. कुणी नव्हतं आलेलं.

१९ नोव्हेंबर

दुपारी दुकानात एक मुलगी आली. निळा शर्ट, केस बांधलेले, हातात ऑफिसची पिशवी. मी विचारलं, नंबर काढायचाय का? ती हसायला लागली. "ताई, ओळखलं नाहीत? काजळी!" नाही ओळखलं. अजिबात नाही. मग मला त्या फोटोचं आठवलं.

डोळा बरा होता. वर डॉक्टरांना दाखवून खाली आली होती. खुर्चीत बसून पाय हलवत बोलत होती. "सगळे तुमचंच विचारतायत. पिवळ्या स्वेटरवाल्या ताई कोण, कुठल्या नाटकात काम करतात? पुढच्या वर्षी आम्हाला शिकवाल का, तसं रडायला?" काउंटरवरची कौतुकाने माझ्याकडे बघायला लागली.

मी यंत्र बंद केलं.

म्हटलं, "शिकवता यायचं नाही. माझा भाऊ खरंच गेला. ऑगस्टमध्ये, ट्रकखाली. तो तुमच्यात यायचा. तेच सांगायला आले होते."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. पुढचं वाक्य येईल म्हणून वाट बघत असावी. आलं नाही, तेव्हा म्हणाली, "कोण?"

"तुम्ही त्याला काय म्हणायचात ते मला माहीत नाही. लांब काळा कोट. आता हसू नकोस, कोट सगळ्यांचेच काळे असतात, पण त्याच्या कोटाला आतून फुलाफुलांचं अस्तर होतं. आमच्या जुन्या पडद्याचं. मीच शिवलं होतं."

तिचे हलणारे पाय थांबले. "निळी फुलं," म्हणाली. "एकदा गवत ओलं होतं म्हणून मला बसायला अंथरला होता." मग अगदी हळू — "आजोबा."

आजोबा म्हणत त्याला! एवढ्या लहान वयाच्या पोराला! का, तर सारखा म्हणायचा, ऊन लागेल, टोपी घाला. पाणी प्यायलात का? बूट नवे असले तर पट्ट्या आणत जा. "सगळं सांगून झालं की वर म्हणायचा, 'असं आमची ताई म्हणते.' ती ताई तुम्ही?" मी म्हटलं, हो. "आता आम्ही सगळेच तसं करतो. सवय लागली. यंदा तो दिसला नाही तर म्हटलं, आजोबा रुसले. चेष्टा चालली होती दिवसभर."

तू हसशील, म्हणाला होता. आलं हसू. काउंटरवरची घाबरून पाणी घेऊन आली.

काजळी उठली, पुन्हा बसली. "आणि आम्ही टाळ्या वाजवल्या," म्हणाली. मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत. "मी शिट्टी मारली, ताई. ती शिट्टी मी मारली." तोंड दोन्ही हातांनी झाकून बसली. मालक बाहेर आले, काय ते न विचारताच परत आत गेले. जाताना तिने घरचा पत्ता मागितला. दिला.

तो चांगला होता का, असं विचारायचं मनात होतं. विचारायची गरज पडली नाही.

२० नोव्हेंबर

काही नाही. काचा घासल्या.

२२ नोव्हेंबर

पत्ता मागितला म्हणून काय झालं! बोलण्याच्या ओघात माणूस मागतो. तरुण पोरं आहेत, ज्याला त्याला कामधंदा आहे. मला सांगायचं होतं, सांगून झालं. आता गप्प बसावं.

तरी आज दोनदा खिडकीपाशी गेले.

२३ नोव्हेंबर, रविवार

बेल वाजली. दारात टोपीवाला, टोपी हातात, डोक्याला टक्कल. मागे काजळी, त्यांच्यामागे जिनाभर माणसं, पार खालच्या काकूंच्या दारापर्यंत. "टाळ्या परत घ्यायला आलोय," तो म्हणाला. काकू वर येऊन म्हणतायत, "अगं, एवढे लोक! खुर्च्या पाठवू का?" कप कमी पडतायत. आता लिहायला वेळ नाही. घरात माणसं आहेत.